आईचे शंभर महिने

विमा कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर, माणसं साधारण कधी मरतील याचे तक्ते जिथे तयार होतात त्या खात्यात, एक गृहस्थ कामाला होता. त्याला सगळे पंचेचाळीसराव म्हणायचे. हे नाव पडलं तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता आणि डोक्यावर भरपूर केस होते. पण रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात, डब्यातला शेवटचा घास गिळता गिळता त्याने जाहीर करून टाकलं होतं, "पंचेचाळीस पूर्ण झाली की मी सुटणार. पुन्हा जन्मात कुणाची नोकरी करणार नाही."

बाकीचे हसले. त्याने डबा बोटाने निपटून स्वच्छ केला, कारण साबणाला पैसे पडतात.

त्याचं गणित सोपं होतं. महिन्याचा जेवढा खर्च, त्याच्या तीनशेपट रक्कम गाठीला आली की माणूस मोकळा. मग ती रक्कम आपली कमवत राहते आणि आपण पाय पसरून बसायचं. यात एक गोम होती. खर्च कमी केला की दोन्हीकडून फायदा: शिल्लक वाढते आणि गाठायचा आकडाही खाली येतो. ही गोम ज्याला कळली त्याच्या घरच्यांचं काही खरं नाही.

पंचेचाळीसरावाला ती कळली होती. तो सगळं दिवसांत मोजायचा. बाहेरची एक कॉफी म्हणजे नोकरीचा अर्धा दिवस. नवे बूट म्हणजे अकरा दिवस. मित्राच्या लग्नाला जाऊन येणं म्हणजे आहेरासकट सतरा दिवस, म्हणून मित्रच कमी केले. त्याच्या काटकसरीच्या गोष्टी मी सांगेन त्यातल्या निम्म्याच खऱ्या धरा, तेवढ्याही पुरतील. रात्री झोपताना तो भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून ठेवायचा आणि सकाळी खिडकीतून शेजाऱ्याच्या घड्याळात बघून वेळ लावायचा. झोपेत वेळ बघतो कोण? एकदा त्याची दाढ दुखायला लागली. डॉक्टर म्हणाले, वाचवायची तर एवढे, उपटायची तर एवढेच. त्याने उपटून घेतली. वर, एका बैठकीत दुसरी निम्म्या पैशांत निघते असं कळल्यावर शेजारची, अजिबात न दुखणारी दाढही काढून घेतली. पुढेमागे दुखलीच असती, तेव्हा पूर्ण पैसे पडले असते.

लग्न त्याने जेवणाच्या सुट्टीत उरकलं. नोंदणी कार्यालय रस्त्यापलीकडेच होतं. सह्या झाल्या तरी सुट्टीतली वीस मिनिटं उरली, तेव्हा नवरीला बसथांब्यावर सोडून तो परत आला आणि अर्धा राहिलेला तक्ता पुरा केला.

ही नवरी कपड्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात मशिनवर बसायची. लोकांच्या पँटी आत घे, बाह्या आखूड कर, चेन बदल. बाई शांत होती. नवऱ्याचे सगळे दिवस तिने मोजू दिले. फक्त एकदा, बत्तीस वर्षांची झाली तेव्हा, जेवण झाल्यावर म्हणाली, "मला मूल हवंय. एकच."

त्याने वही काढली, कारण तो प्रत्येक मागणीचा नीट विचार करायचा. पंधरा मिनिटं आकडेमोड केली.

"अकरा वर्षं चार महिने," तो म्हणाला. "मूल म्हणजे अकरा वर्षं चार महिने. मी छप्पन्नाव्या वर्षी सुटेन. चालेल तुला?"

"चालेल."

"मला नाही चालणार," तो म्हणाला आणि वही मिटली.

बायकोने टेबलावर सांडलेले पावाचे तुकडे तळहातात गोळा केले, केराच्या डब्यात टाकले आणि तो विषय पुन्हा काढला नाही. त्याला वाटलं, पटलं तिला.

चव्वेचाळीस सरली तेव्हा रक्कम जवळपास जमली होती. जवळपास म्हणजे आणखी पाच वर्षं. आता आणखी कमी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. घरात एकच दिवा लागायचा आणि माणसं त्याच्यामागून या खोलीतून त्या खोलीत हिंडायची. आणखी पाच वर्षं खुर्चीत बसणं काही त्याच्याने होणार नव्हतं. तेव्हा त्याला आई आठवली.

आई एकटी राहायची, दोन खोल्यांच्या स्वतःच्या घरात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून तिची उभी हयात गेली होती. वय एकाहत्तर, आवाज खणखणीत, आणि खिडकीत उभं राहून दिवसाला दोन सिगारेटी ओढायची. एक सकाळी, एक संध्याकाळी. बाकी कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"आई, हे घर विकून टाक," तो म्हणाला. "आमच्याकडे ये. रस्त्याकडची खोली तुझी. खाणंपिणं, औषधपाणी, सगळं माझ्याकडे लागलं. पैसे मात्र माझ्या हातात दे, मी बघतो त्यांचं काय करायचं ते."

"किती दिवस ठेवशील रे?" आईने हसत विचारलं.

"आई! असं काय विचारतेस?"

तो लाल झाला. आईला वाटलं, पोरगा लाजला. तिने महिन्याच्या आत घर विकलं, एक कपाट आणि दोन बॅगा घेऊन आली आणि चेक त्याच्या हातात ठेवला.

आता इथे पंचेचाळीसरावाने जी चूक केली ती फक्त त्याच्या खात्यातला माणूसच करू शकतो. तुमच्या-माझ्यासारख्याची तेवढी अक्कलच नाही.

त्या खात्यात दोन तक्ते असायचे. निळा आणि हिरवा. निळा तक्ता आयुष्याचा विमा काढणाऱ्यांचा. हे लोक धास्तावलेले असतात, आणि धास्ती पुष्कळदा खरी ठरते. हिरवा तक्ता त्यांचा, ज्यांनी एकरकमी पैसे भरून जन्मभराची पेन्शन विकत घेतलेली असते. हे लोक मरता मरत नाहीत. एकदा का कुणी दर महिन्याला नेमाने पोसायला लागलं की माणसाचा जीव निवांत होतो आणि त्याला जायची घाई राहत नाही. तिसऱ्या मजल्यावर यावर जुने विनोद होते. निळे लोक कंपनीला बुडवतात लवकर जाऊन, हिरवे बुडवतात न जाऊन.

आईने एकरकमी पैसे भरले होते आणि जन्मभराचं खाणंपिणं विकत घेतलं होतं. म्हणजे ती नखशिखांत हिरवी होती. पण पंचेचाळीसरावाच्या मनात आलं, छे, हिरवा तक्ता गिऱ्हाइकांचा. ही तर आपली आई. मायेपोटी म्हणा, त्याने निळा उघडला. स्त्री, वय एकाहत्तर, धूम्रपान करणारी: आठ वर्षं चार महिने. शंभर महिने बरोबर. काय गोल आकडा! त्याने तो वहीतल्या मोठ्या तक्त्यात लिहिला. आई: महिने शंभर. आणि एकशे एकाव्या महिन्यापासून, रस्त्याकडची खोली, भाडं जमा. सगळी बेरीज जुळली. पाच वर्षं वाचली.

ज्या दिवशी पंचेचाळीस पूर्ण झाली त्याच दिवशी त्याने राजीनामा दिला. खात्यात चहा-बिस्किटांचा निरोपसमारंभ झाला. खात्याच्या मॅडम, चष्मा दोरीने गळ्यात अडकवणाऱ्या, कोरड्या बाई, त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"जमवलंस म्हणजे."

"जमवलं मॅडम."

"आई तुझ्याकडेच असते ना आता? घर विकून आली म्हणे. कुठल्या तक्त्यात घातलीस तिला?"

"निळ्या."

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. मग बशीतलं दुसरं बिस्कीट उचललं. "असं का," त्या म्हणाल्या. "छान छान." आणि बिस्कीट खाल्लं. त्या सांगू शकल्या असत्या. पण एकोणीस वर्षं रोज त्यांनी याला सुटकेचे दिवस मोजताना ऐकलं होतं, आणि त्यांचे स्वतःचे मोजायला कुणी नव्हतं.

सुटल्यावर पंचेचाळीसराव काय करत होता? काही नाही. हीच तर गंमत होती. सकाळी दहाला, जेव्हा सगळं गाव कामाला जुंपलेलं असायचं, तेव्हा तो गॅलरीत पायजम्यावर उभा राहून बसमध्ये लोंबकळणारी माणसं बघायचा. वाचन करू म्हणाला होता, पुस्तकं महाग. फिरायला जाऊ म्हणाला होता, चपला झिजतात. तो नुसता मोकळा होता, आणि त्या मोकळेपणावर त्याचा एवढा जीव होता की झोपेतसुद्धा हसायचा. घरात ते हसू ऐकून बायको कूस बदलायची. तिनेही ठरल्याप्रमाणे दुकान सोडलं होतं. आता घरीच मशिन ठेवून थोडंफार शिवायची.

वहीतला तो मोठा तक्ता त्याने फाडून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता, रोज बघायला बरा. दोन वर्षांनी एकदा आई सुईदोरा शोधायला म्हणून ते कपाट उघडून बसली. नंबर वाचण्यात तिची हयात गेलेली. सगळा तक्ता तिने दोन वेळा वाचला आणि चहाच्या वेळी टेबलाशी आली.

"काय रे, ते आईपुढे शंभर लिहिलंय ते काय?"

"महिने आहेत ते, आई."

"कसले?"

"म्हणजे, तुझ्या खर्चाची तरतूद. तेवढ्या महिन्यांची."

"आणि एकशे एकपासून भाडं लिहिलंय ते?"

"खोलीचं."

"कुठल्या खोलीचं?"

पंचेचाळीसरावाने चहा ढवळला. साखर नव्हतीच त्यात.

"मग मी कुठे असेन तेव्हा?" आईने विचारलं. आवाज एक्स्चेंजमधला होता, थांबा जोडून देते म्हणणारा.

"सरासरी असते गं ती. मनाला लावून घेऊ नकोस. कुणीतरी आधी जातं, कुणी नंतर. आमच्या शास्त्रात ते..."

"घर विकताना मी तुला विचारलं होतं, किती दिवस ठेवशील. तू लाल झालास. मला वाटलं लाजलास." आईने चहाचा कप जवळ ओढला. "आकडा तयार होता तुझ्याकडे."

बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. आईने आपला कप रिकामा केला, आणि त्या घरात आल्यापासून जे कधी केलं नव्हतं ते केलं.

"सूनबाई, आणखी एक कप दे गं. दूध जरा जास्त घाल."

संध्याकाळची सिगारेट तिने ओढली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचीही नाही. पंचेचाळीसरावाने आनंदाने सिगारेटींची ओळ खोडली. महिन्याला पाऊण दिवस वाचला. आठवड्याने त्याच्या हातातली पेन्सिल थबकली. धूम्रपान न करणाऱ्यांचं पान वेगळं असतं, हे त्याला आठवलं.

मग म्हातारीने जे जगायला घेतलं! सकाळी सहाला उठून बागेत. तिथे सत्तरीच्या पुढच्या बायकांचा एक जथा हातपाय हलवायचा. ही सहा महिन्यांत त्यांची म्होरकी झाली. दुपारी अर्धा तास उताणी पडून श्वास मोजायची, मोठ्याने, भिंतीपलीकडे ऐकू जाईल असे. जिने चढायची, उतरायची, विनाकारण परत चढायची. शहाहत्तराव्या वर्षी तिच्या मानेवर काळे केस उगवले. सत्त्याहत्तराव्या वर्षी खालच्या हिरडीत एक नवा दात आला. तो बघायला दातांच्या डॉक्टरांनी आपल्या ओळखीचे दोन डॉक्टर फुकट आणले. फुकट म्हणून पंचेचाळीसरावाला तेवढंच बरं वाटलं.

पण या सगळ्याला खायला लागतं, आणि ते कुठून येत होतं हे त्याला उशिरा कळलं. एकदा सकाळी स्वयंपाकघरात गेला तर बायको संत्री पिळत होती. डझनभर. शेजारी अंडी, बदाम, माशाचं तेल.

"हे कुणासाठी?"

"आईंसाठी."

"कुठल्या पैशांनी?"

"माझ्या. मशिन माझं, शिवण माझी."

"अगं, पण एवढं? डॉक्टरांनी सांगितलंय का?"

"नाही. मला वाटतं म्हणून देते."

"तुला कळतंय का तू काय करतेयस?" त्याचा आवाज चढला. "हे असंच चाललं तर ती शंभर पार करेल!"

बायकोने अर्धं संत्रं उलटं धरून शेवटचा थेंबही पिळला.

"तू मला मूल वाढवू दिलं नाहीस," ती म्हणाली. "मग मी म्हातारी वाढवतेय."

ती ग्लास घेऊन रस्त्याकडच्या खोलीत गेली. आतून दोघींचं हसणं ऐकू आलं.

अठ्ठ्याण्णवाव्या महिन्यात मात्र निळ्या तक्त्याने लाज राखली असं वाटलं. म्हातारीला ताप भरला. छातीत घरघर. डॉक्टर म्हणाले, वय आहे, तयारीत राहा. पंचेचाळीसराव तयारीत होताच, म्हणजे अठ्ठ्याण्णव महिने. त्याने थर्मामीटर झटकला, बायकोला औषध आणायला पाठवलं आणि घरं भाड्याने देणाऱ्या एजंटला फोन लावला. नुसती चौकशी म्हणून. एजंट उत्साही निघाला. तासाभरात एका जोडप्याला घेऊन दारात हजर.

"खोली रिकामी नाही अजून," पंचेचाळीसराव कुजबुजला.

"असू दे हो, माप घेतो फक्त."

जोडप्यातल्या बाईने दारातून आत बघितलं. पलंगावर म्हातारी डोळे मिटून धापा टाकत होती.

"यांना कुठे हलवणार?" तिने विचारलं.

"बघतोय," पंचेचाळीसराव म्हणाला.

एजंटने टेप काढली. एका भिंतीला टोक लावायला माणूस हवा होता आणि ती भिंत पलंगाच्या उशाशी होती. तो वाकला. "आजी, जरा टोक धरता का? भिंतीला टेकवून, हां, अस्सं."

म्हातारीने डोळे उघडले. टेप बघितली, एजंट बघितला, दारातलं जोडपं बघितलं आणि त्यांच्यामागे पायजम्यातला आपला मुलगा बघितला. मग तापलेला हात वर करून तिने टेपेचं टोक धरलं आणि भिंतीला टेकवलं.

"अकरा फूट," एजंट म्हणाला.

"नीट ताण मेल्या," म्हातारी म्हणाली. "चार बोटं जास्त भरेल."

भरली. म्हातारीने मग त्या बाईला सांगितलं, "खिडकी गच्च बसते, थंडीत किंचित उघडी ठेवत जा. आणि दुपारी रस्त्याचा फार आवाज येतो. पण माझी हरकत नाही, मी अजून पुष्कळ वर्षं इथेच आहे, मला सवय आहे." जोडपं पायऱ्या उतरून पळालं. बायको औषध घेऊन आली तेव्हा म्हातारी उठून बसली होती आणि भूक लागली म्हणत होती.

त्या दिवसापासून बायकोने आपलं अंथरूण सासूच्या खोलीत हलवलं. लक्ष ठेवायला बरं, एवढंच म्हणाली. पंचेचाळीसराव रागावला नाही. दुसऱ्या खोलीत आता दिवा लावावा लागत नव्हता.

शंभरावा महिना आला आणि गेला. एकशे एकाव्याला भाडं जमा झालं नाही. एकशे दहाव्याला त्याने गॅलरीतल्या खुर्च्या विकल्या, एकशे पंचविसाव्याला भिंतीवरचं घड्याळ, सेलसकट. ज्या डॉक्टरांनी तयारीत राहा सांगितलं होतं ते एकशे तिसाव्या महिन्यात वारले. म्हातारी त्यांना बघायला गेली आणि परत येताना, बसची वाट बघायला नको म्हणून, चालत आली. तीनशेपट रकमेच्या गणितात एक माणूस जास्त आणि एक भाडं कमी पडलं की ते कमावत नाही, आटतं. आधी हळूहळू आटलं, मग भराभर. पंचेचाळीसराव स्वतःचं जेवण एकवेळ करून बघत होता. पण त्याने आकडा फारसा खाली येईना, कारण आता आकड्याखाली तो एकटाच उरला होता. पैसा आटायला लागल्यापासून त्या दोघी शिवणावर व्यवस्थित जेवत होत्या.

शेवटी एका दुपारी तो आईच्या खोलीत गेला. ती पलंगावर बसून पायांना तेल चोळत होती. चौऱ्याऐंशीचे पाय, पण पोटऱ्या पोस्टमनसारख्या.

"आई, जरा बोलायचं होतं."

"बोल की."

"तुझा काय विचार आहे?"

"कशाबद्दल?"

"म्हणजे पुढचा. पुढे... साधारण..."

"उद्या पोहायला नाव घालणार आहे," आई म्हणाली. "परवा विश्रांती."

"आई, मला परत नोकरी करावी लागेल." सत्तावन्न वर्षांचा बाप्या, पण रडवेला झाला. "समजतंय का तुला? मी एकोणीस वर्षं पोट मारलं, एवढ्या एकाच गोष्टीसाठी. मी परत जाऊ शकत नाही गं. मी मरेन."

आईने तेलाची बाटली बंद केली, हात पुसला आणि त्याच्या केसांवरून फिरवला. केस आता उरले नव्हते फारसे.

"कधी रे?" तिने मायेने विचारलं. "तुझ्या पुस्तकात बघ ना. मलाही तयारीत राहायला बरं."

दुसऱ्या आठवड्यात तो तिसऱ्या मजल्यावर गेला. मॅडम अजून तिथेच होत्या. त्यांना जा म्हणायला कंपनीत कुणी धजावत नव्हतं.

"निळा," त्या त्याला बघताच म्हणाल्या.

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं."

"अरे, इथल्या शिपायालाही माहीत होतं. बस. आई कशी आहे?"

"पोहते."

मॅडमनी चष्मा लावला, हिरवा तक्ता पुढे ओढला आणि बोट फिरवलं. "चौऱ्याऐंशी, धूम्रपान नाही, व्यायाम. सात वर्षं धर. नवा दातबित आलाय का?"

"एक."

"मग दहा धर."

तक्त्यांच्या खात्यात त्याच्याजोगी जागा नव्हती. तक्ते आता यंत्र करायचं. पण दुसऱ्या एका कामाला माणसं टिकत नव्हती म्हणून जागा कायम असायची. पेन्शनवाले खरंच जिवंत आहेत की त्यांच्या नावावर नातेवाईक पैसे खातायत, हे बघायला कंपनी घरोघर माणूस पाठवायची. तोंड प्रत्यक्ष बघायचं, कागदावर जिवंत लिहायचं, सही घ्यायची. पगार नाही, दर तोंडामागे ठरावीक पैसे. घर बंद असलं तर पैसे नाहीत. मेलेला असला तरी नाहीत, कारण कंपनीच्या मते ते कळवणं हे मयताच्या नातेवाइकांचं काम.

घरी येऊन त्याने सांगितलं. बायकोने त्याची ऑफिसची जुनी पँट काढली, कंबर तीन इंच आत घेतली आणि इस्त्री करून खुर्चीवर ठेवली. आई म्हणाली, "किती वाजता निघायचं असतं? मी उठवीन. मी तशीही सहाला उठते."

तिने साडेपाचलाच उठवलं.

पहिलं घर एका जुन्या इमारतीत सगळ्यात वर होतं. लिफ्ट नव्हती. पंचेचाळीसराव प्रत्येक मजल्यावर थांबत, कठड्याला धरून वर पोचला तेव्हा त्याच्या कानात शिट्ट्या वाजत होत्या. बेल वाजवली. आतून फरफटत चपला आल्या, कडी निघाली, साखळी निघाली, दुसरी कडी निघाली. त्र्याण्णव वर्षांची एक बाई दारात उभी होती. गालांवर लाली, हातात खाता खाता अर्धं राहिलेलं सफरचंद.

"जिवंत आहे का बघायला आलात?"

"हो."

"आहे." तिने सफरचंदाचा कचकन चावा घेतला. "मागच्या वर्षी उंचसा माणूस यायचा. तो नाही आला?"

"तो वारला."

"अरेरे. त्याच्या आधी एक जाडसर होता, गोड स्वभावाचा. तोही गेला. तुम्हीही धापा टाकताय फार." तिने सही केली, सुंदर वळणदार, घाई न करता, पूर्ण नाव. "जिना सावकाश उतरा हं. आणि पुढच्या वर्षी तुम्हीच या, सारखी नवी तोंडं आली की मला ओळख धरायला त्रास होतो."

पंचेचाळीसरावाने चौकटीत जिवंत असं लिहिलं आणि कागद पिशवीत ठेवला. खाली उतरून यादी उघडली. त्या दिवसाची आणखी एकेचाळीस नावं होती. सगळी ऐंशीच्या पुढची, आणि सगळी घरीच होती.